अंगावरच्या दुधातल्या साखरा बाळाला जंतूंपासून कितपत वाचवतात?

विचारलेलं थोडक्यात असं आहे. गरोदरपणातल्या तपासणीत ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस हा जंतू निघाला, प्रसूतीच्या वेळी शिरेतून अँटिबायोटिक दिलं गेलं, आणि आता बाळ सहा आठवड्यांचं असून फक्त अंगावर पितंय. आईच्या दुधातल्या साखरा या जंतूला मारतात असं तुमच्या वाचनात आलं. ते खरं का? साखर तर जंतूंचं आवडतं खाणं, मग तीच त्यांना कशी अडवेल? आणि पावडरच्या डब्यावर 'एचएमओ' छापलेलं असतं, ते हेच का?

आधी सरळ उत्तर देतो. हो, यात तथ्य आहे आणि ते भक्कम आहे. पण या साखरा बहुतेक वेळा जंतूंना मारत नाहीत, त्यांना बस्तान बसवू देत नाहीत. शिवाय कुठली साखर कुठल्या जंतूला अडवेल हे ठरलेलं असतं. एक साखर सगळ्यांना पुरी पडत नाही, आणि दर आईच्या दुधात साखरांचा संचही सारखा नसतो. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात बरीच वर्षं काढल्यावर मला या विषयात दोन टोकं दिसतात. एकीकडे 'दूध म्हणजे दूध, त्यात काय एवढं' म्हणणारे, दुसरीकडे 'अंगावर पाजलं की काही होतच नाही' म्हणणारे. दोघांचंही ऐकू नये.

साखर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे लॅक्टोज येतं. आईच्या दुधात ते लिटरला साधारण ७० ग्रॅम असतं. बाळाच्या लहान आतड्यात ते फुटतं, रक्तात जातं आणि बाळाला ताकद देतं. आपण बोलतोय त्या साखरा वेगळ्या आहेत. त्यांना ह्युमन मिल्क ओलिगोसॅकराइड्स म्हणतात, थोडक्यात एचएमओ. लॅक्टोजच्या बुंध्याला आणखी साखरेचे तुकडे जोडून त्या तयार होतात. हे तुकडे पाचच प्रकारचे असतात: ग्लुकोज, गॅलॅक्टोज, एन-अ‍ॅसिटाइल-ग्लुकोसामाइन, फ्यूकोज आणि सियालिक आम्ल. पण कुठला तुकडा कुठे आणि कुठल्या कोनात जोडला यावरून दीडशेच्या वर वेगवेगळ्या रचना आजवर ओळखल्या गेल्या आहेत. पिकलेल्या दुधात त्यांचं प्रमाण लिटरला ५ ते १५ ग्रॅम, चिकात २० ग्रॅमच्याही वर. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर दुधातला सर्वांत मोठा घन भाग हाच. बऱ्याच आयांच्या दुधात तो प्रथिनांइतका किंवा त्याहून जास्त भरतो. गायीच्या दुधात या जातीच्या साखरा नावापुरत्याच असतात.

गंमत अशी की बाळाला त्या पचत नाहीत. माणसाच्या आतड्यात हे सांधे तोडणारी विकरंच (एन्झाइम) नाहीत. पोटातल्या आम्लालाही त्या दाद देत नाहीत. जेमतेम एखादा टक्का रक्तात शिरतो, बाळाच्या लघवीत सापडतोही. बाकीच्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यापर्यंत पोचतात. दूध तयार करताना आईच्या शरीराला बराच खर्च पडतो, आणि त्यातला एवढा मोठा हिस्सा बाळाच्या पोषणाला लागतच नाही. तो कशासाठी, हे कोडं शंभरेक वर्षं जुनं आहे.

पहिला धागा बाळाच्या शीतून मिळाला. १९०० च्या सुमारास पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी टिसिए आणि ऑस्ट्रियात अर्न्स्ट मोरो यांना दिसलं की अंगावर पिणाऱ्या आणि बाटलीवर वाढणाऱ्या बाळांच्या शीतले जिवाणू वेगळे असतात. अंगावर पिणाऱ्यांत एक फाटे फुटलेला, वाय अक्षरासारखा दिसणारा जिवाणू बहुसंख्य असतो. तोच आजचा बिफिडोबॅक्टेरियम. पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत पॉल ग्यॉर्गी आणि जर्मनीत रिचर्ड कून यांच्या गटांनी मिळून दाखवलं की या जिवाणूला वाढवणारा दुधातला घटक म्हणजे हेच ओलिगोसॅकराइड. कून यांना त्याआधीच, १९३८ चं, रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेलं होतं. नंतर बरीच वर्षं एवढंच मानलं जाई की या साखरा म्हणजे चांगल्या जिवाणूंचा खुराक. ते खरंच आहे, पण अर्धं आहे. जंतूंना अडवणारा भाग पुढच्या काळात उलगडला.

आता तो भाग जरा जवळून पाहू, कारण खरी मेख तिथेच आहे.

आतडं सतत हालत असतं, आतला ऐवज पुढे ढकलत असतं. रोग करायला आलेल्या जंतूला आधी आतड्याच्या अस्तराला चिकटावं लागतं, नाहीतर तो शीबरोबर बाहेर जातो. अस्तराच्या पेशींवर साखरेच्या साखळ्यांची दाट लव असते, आणि जंतूच्या अंगावर विशिष्ट साखळी पकडणारी प्रथिनं असतात. ही पकड फार चोखंदळ असते. कँपिलोबॅक्टर जेजुनी या जुलाब करणाऱ्या जंतूचं उदाहरण घ्या. तो आतड्याच्या पेशीवरची एक ठरावीक साखळी शोधतो, जिच्या टोकाला फ्यूकोज एका विशिष्ट सांध्याने गॅलॅक्टोजला जोडलेलं असतं. आईच्या दुधातली सर्वांत मुबलक ओलिगोसॅकराइड बहुधा टू-फ्यूकोसिल-लॅक्टोज असते, जिला थोडक्यात टू-एफएल म्हणतात. तिच्या टोकाला नेमका तोच तुकडा, त्याच सांध्याने. म्हणजे जंतू अस्तरापाशी पोचतो तेव्हा त्याच्या पकडीत दुधातली साखर आधीच अडकलेली असते. ती सुटी असल्यामुळे तो तिच्यासकट वाहून जातो. इथे जंतू मरत नाही, आणि बाळाच्या प्रतिकारशक्तीला फारसं काही करावंही लागत नाही.

२००३ मध्ये हे फक्त पेशींवर नाही, जिवंत प्राण्यांतही दाखवलं गेलं. उंदरिणींच्या स्तनग्रंथीत माणसाचं असं जनुक घातलं की त्यांच्या दुधात हा फ्यूकोजचा सांधा तयार होऊ लागला. त्यांची पिल्लं कँपिलोबॅक्टरला दाद देईनाशी झाली. पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, मेक्सिकोतल्या ९३ माता-बाळांच्या जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या मातांच्या दुधात टू-एफएलचं प्रमाण जास्त, त्यांच्या बाळांना कँपिलोबॅक्टरचे जुलाब कमी. पण त्याच अभ्यासात कॅलिसिव्हायरसच्या जुलाबांपासून वाचवणारी साखर दुसरीच निघाली. बाळंही तीच, दूधही तेच, पण रोग बदलला तशी साखर बदलली. या विषयातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं निरीक्षण हेच, आणि जाहिरातींत नेमकं तेच गळतं.

तुमचा दुसरा प्रश्न, की साखर तर जंतूंचं खाणं. बरोबर आहे, पण ही साखर खायला हत्यारं लागतात. हे सांधे तोडणारी विकरं बहुतेक रोगकारक जंतूंकडे नसतात किंवा अपुरी असतात. बिफिडोबॅक्टेरियाच्या काही जातींकडे मात्र अख्खा संच असतो. २००८ मध्ये बिफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस या जिवाणूचा जनुकसंच वाचला गेला, तेव्हा दुधातल्या साखरा पकडून आत ओढणाऱ्या आणि फोडणाऱ्या जनुकांचा एक सलग पट्टाच सापडला. म्हणजे हा जिवाणू जणू आईच्या दुधासाठीच घडलेला. त्याचा भाऊबंद बिफिडम वेगळ्या रीतीचा आहे. इन्फँटिस आपलं ताट घरात नेऊन दार लावून जेवतो, बिफिडम अंगणातच पंगत मांडतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही चार घास मिळतात.

एकदा यांची वस्ती दाट झाली की घातक जंतूंची दोन बाजूंनी कोंडी होते. खाणं उरत नाही, आणि हवापाणी बदलतं. साखर आंबवून बिफिडोबॅक्टेरिया अ‍ॅसेटिक आणि लॅक्टिक आम्ल सोडतात, त्यामुळे मोठ्या आतड्यातला सामू खाली येतो, म्हणजे तिथली आम्लता वाढते. नुसत्या अंगावर पिणाऱ्या बाळाची शी पिवळी, सैल आणि जराशी आंबूस वासाची असते. पुष्कळ आया घाबरून लंगोट घेऊन येतात, की हे बिघडलं तर नाही? नाही. तो आंबूसपणा या आम्लांचाच. ई-कोलाय, क्लेबसिएला अशा मंडळींना असं आम्ल मानवत नाही.

अर्थात हे सगळं घडायला तो जिवाणू बाळाच्या आतड्यात मुळात पोचलेला असावा लागतो, आणि इथे एक अडचण आहे. २०१८ मध्ये जुन्या-नव्या नोंदी एकत्र करून अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडलं की अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीचा सामू १९२६ च्या सुमारास ५ होता, तो २०१७ पर्यंत ६.५ च्या आसपास आला. कारण म्हणून बिफिडोबॅक्टेरिया घटल्याकडे त्यांनी बोट दाखवलं. सिझेरियन, अँटिबायोटिक, बाटली अशा गोष्टींनी या जिवाणूंची आईकडून बाळाकडे जाणारी परंपरा तुटत असावी. हे मांडणाऱ्यांपैकी काहीजण असे जिवाणू विकणाऱ्या कंपनीशी जोडलेले होते, हेही ध्यानात ठेवावं. तरी दिशा मला पटते. दुधात साखर भरपूर आणि खाणारा कोणीच नाही, अशी बाळं आम्हाला दिसतात. त्यांच्या शीत ओलिगोसॅकराइड न फुटता तशीच सापडते. म्हणून उद्या दुकानातून जिवाणूंचे थेंब आणा, असं मात्र मी म्हणत नाही. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला ते सरसकट द्यावेत इतका पुरावा माझ्या मते अजून जमलेला नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नयेत.

आता तुमचा ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकस. पुष्कळ बायकांच्या आतड्यात आणि योनीमार्गात हा जंतू असतो आणि त्यांना स्वतःला काहीच त्रास होत नाही. साधारण १०० गरोदर बायकांत १० ते ३० जणींमध्ये तो सापडतो. काही उपाय केला नाही तर अशा आयांच्या निम्म्याअधिक बाळांच्या अंगावर तो वस्ती करतो, आणि त्यातल्या शंभरांत एका-दोघांना प्रत्यक्ष आजार होतो. रक्तात संसर्ग, न्यूमोनिया किंवा मेंदूज्वर. प्रसूतीच्या कळांत, जमल्यास जन्माच्या ४ तास आधी, पेनिसिलिन सुरू केलं की पहिल्या आठवड्यातला आजार खूपच कमी होतो. तुमच्या बाबतीत तेच केलं गेलं, आणि योग्य केलं.

या जंतूवर दुधातल्या साखरांचं काम आणखी वेगळ्या तऱ्हेचं निघालं. २०१६ मध्ये गाम्बियातल्या मातांचा अभ्यास आला. ज्या मातांच्या दुधात लॅक्टो-एन-डायफ्यूकोहेक्साओज वन ही साखर जास्त, त्यांच्या बाळांत दोन-तीन महिन्यांच्या वयाला हा जंतू कमी आढळला. २०१७ मध्ये सान डिएगोच्या गटाने दुधातल्या साखरा एकेक वेगळ्या करून या जंतूवर घालून पाहिल्या. लॅक्टो-एन-टेट्राओज आणि लॅक्टो-एन-फ्यूकोपेंटाओज वन या दोन साखरांनी त्याची वाढच थांबली. तिथे आतड्याची पेशी नव्हती, प्रतिकारशक्ती नव्हती, फक्त जंतू आणि साखर. मग त्यांनी जंतूचं एकेक जनुक बिघडवून पाहिलं, की कुठलं गेलं म्हणजे साखरेचा असर होत नाही. सापडलेलं जनुक साखरेचे तुकडे जोडणाऱ्या विकराचं होतं. यावरून तर्क असा, की जंतू आपलं वेष्टण बांधताना ही दुधातली साखर चुकून त्यात ओवतो आणि त्याचं बांधकामच फसतं. तर्क अजून पूर्ण सिद्ध नाही, पण मला तो फार देखणा वाटतो. जंतूला ही साखर आपल्या कामाची वाटते, हीच त्याची अडचण होते.

त्याच वर्षी अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी निरनिराळ्या मातांच्या दुधातून काढलेल्या साखरा या जंतूवर तपासल्या. काहींनी वसाहत जवळजवळ संपवली, काहींचा असर बेताचा. शिवाय जंतू स्वतःभोवती जो चिकट संरक्षक थर विणतात, ज्याला बायोफिल्म म्हणतात, तोही काही नमुन्यांमध्ये पातळ झाला. साखरांच्या जोडीला काही अँटिबायोटिक कमी मात्रेतही काम करू लागली, कारण जंतूचा पडदा जरा गळका होतो. आणि प्रयोगात वापरलेल्या साखरेचं प्रमाण दुधात असतं त्याच्याच आसपासचं होतं, अवाच्या सव्वा नाही. म्हणून मी या निष्कर्षांना वजन देतो.

पण बशीतला जंतू आणि बाळातला जंतू यांत अंतर आहे. तुमच्यासाठी ही पुढची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. प्रसूतीच्या वेळचं अँटिबायोटिक पहिल्या आठवड्यातला आजार टाळतं. ७ व्या दिवसापासून जवळपास ३ महिन्यांपर्यंत उशिरा होणारा आजार त्याने टळत नाही, आणि दुधातल्या साखरांनी तो नक्की टळतो असंही कोणी सांगू शकत नाही. क्वचित आईच्या दुधातच हा जंतू सापडतो, विशेषतः स्तनाला सूज आलेली असेल तर. पण तेवढ्यासाठी अंगावर पाजणं थांबवू नका. फक्त बाळ दूध ओढेनासं झालं, सुस्त पडलं, कण्हू लागलं, श्वास भराभर घेऊ लागलं, अंग गार पडलं किंवा ताप ३८ अंश सेल्सियसला पोचला, तर घरी वाट बघू नका, लगेच रुग्णालयात न्या. या वयातला ताप 'बघू उद्या' म्हणण्यासारखा नसतो. अंगावर पिणारं बाळ आहे म्हणून काही तास थांबलेले आईबाप मी पाहिले आहेत. त्या तासांना फार किंमत असते.

अंगावरचं दूध सगळ्यांना सारखं का नाही, याचं कारण मुख्यतः जनुकांत आहे. एफयूटी-टू नावाचं जनुक चालू असेल तर दुधात टू-एफएल आणि तिच्या बहिणी भरपूर होतात. युरोपीय वंशाच्या साधारण दर पाच बायकांत एकीत ते बंद असतं, आणि त्यांच्या दुधात टू-एफएल जवळपास नसतेच. दुसरं एक जनुक, एफयूटी-थ्री, आणखी काही साखरा ठरवतं. दोन्ही मिळून दुधाचे ढोबळ चार गट पडतात. हे वाचून कुणी दुधाची तपासणी करायला निघेल, म्हणून मुद्दाम सांगतो: नका करू. ज्या मातांमध्ये एफयूटी-टू बंद असतं, त्यांच्या दुधात लॅक्टो-एन-टेट्राओज सहसा जास्त भरते. आणि तुमच्या जंतूला रोखणाऱ्या दोन साखरांपैकी एक तीच आहे. एका जंतूपुढे उणं पडणारं दूध दुसऱ्यापुढे सरस ठरतं. या जनुकांनिशी असंख्य बाळं ठणठणीत वाढली आहेत. आईच्या खाण्यापिण्याने या साखरांत मोठा बदल होतो असंही दिसत नाही, तेव्हा 'एचएमओ वाढवणारे' लाडू-चूर्ण कुणी विकत असेल तर पैसे वाचवा. प्रमाण बदलतं ते दिवसांनुसार. चिकात एकूण साखरा सर्वांत जास्त, मग हळूहळू कमी. टू-एफएल महिन्यांगणिक उतरते, थ्री-एफएल ही तिच्यासारखीच फ्यूकोजची साखर मात्र चढते.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. वेल्लोरच्या नवजात बाळांत रोटाव्हायरसची एक खास जात आढळते. तिचा अभ्यास करून २०१८ मध्ये दाखवलं गेलं की लॅक्टो-एन-टेट्राओज, टू-एफएल आणि सिक्स-सियालिल-लॅक्टोज या साखरा ज्या मातांच्या दुधात जास्त, त्यांच्या बाळांना या विषाणूचा त्रास अधिक दिसला. प्रयोगशाळेत तर या विषाणूची पेशींत शिरण्याची ताकद काही साखरांनी वाढली. म्हणजे ग्रुप बी स्ट्रेप्टोकॉकसला अडवणारी साखर इथे विषाणूच्या कामी आली. तसंच २०१२ मध्ये झांबियातल्या अभ्यासात एचआयव्हीबाधित मातांच्या दुधात एकूण ओलिगोसॅकराइड जास्त असतील तर बाळाला संसर्ग कमी झालेला दिसला, पण थ्री-सियालिल-लॅक्टोज ही एकटी साखर जास्त असेल तर धोका वाढलेला दिसला. निसर्गाने दिलंय म्हणजे सगळं सोयीचंच असेल, असं धरून चालू नये. गोळाबेरीज मात्र ठामपणे बाळाच्या बाजूची आहे.

ती गोळाबेरीज आम्हाला सर्वांत ठळक दिसते अपुऱ्या दिवसांच्या बाळांत. त्यांना आतड्याचा एक भयंकर आजार होतो, नेक्रोटायझिंग एंटेरोकोलायटिस. त्यात आतड्याचा भाग सुजून सडतो. आईच्या किंवा दात्या मातेच्या दुधावर असलेल्या बाळांत तो फॉर्म्युलाच्या, म्हणजे डब्याच्या पावडरीच्या, मानाने कमी होतो. २०१२ मध्ये उंदरांच्या पिल्लांवर एकेक साखर वेगळी काढून पाहिली, तेव्हा या आजारातलं संरक्षण बव्हंशी एकाच साखरेकडे येऊन थांबलं, डायसियालिल-लॅक्टो-एन-टेट्राओज. पुढे माणसांच्या बाळांतही हा आजार झालेल्यांना मिळालेल्या दुधात ती साखर कमी होती असं दिसलं. त्यातून आमच्या विभागात एक छोटी पद्धत मला फार मोलाची वाटते. हजार ग्रॅमच्या आतलं बाळ अजून तोंडाने पिऊ शकत नसतं. अशा वेळी आईने हाताने काढलेल्या चिकाचे थेंब सिरिंजमध्ये घेऊन दोन्ही गालांच्या आत ०.१ मिलि ०.१ मिलि सोडतात आणि बोटाने हलकेच फिरवतात. त्यात साखरांबरोबर अँटिबॉडी, लॅक्टोफेरिन हे जंतूंना रोखणारं प्रथिन, असं बरंच असतं. एकट्या साखरेला श्रेय देता येत नाही, आणि देऊही नये. पण एवढासा थेंब बघून 'याने काय होणार' म्हणणाऱ्या आईला मी सांगतो, की यात साखरा इतर कुठल्याही दिवसापेक्षा जास्त आहेत.

राहिला डबा. त्यावर छापलेली टू-एफएल रचनेने खरोखरच दुधातल्या टू-एफएलसारखी असते. ती दुधातून काढलेली नसते. जनुकं बदललेल्या जिवाणूंकडून टाक्यांमध्ये बनवून घेतात आणि मग शुद्ध करतात. २०१५-१६ च्या सुमारास ती बाळांच्या फॉर्म्युलात येऊ लागली. हल्ली काहींत आणखी दोन-चार साखरा असतात. जुन्या डब्यांवर जीओएस, एफओएस लिहिलेलं असे. त्याही न पचणाऱ्या साखरा आहेत, बिफिडोबॅक्टेरियांना काही प्रमाणात वाढवतात, पण त्यांची रचना आईच्या दुधातल्यासारखी नाही. त्यामुळे जंतूची पकड आधीच अडवून ठेवण्याचं काम त्यांच्याकडून तसंच होईल ही अपेक्षा नको. टू-एफएल आणि लॅक्टो-एन-निओटेट्राओज घातलेल्या फॉर्म्युलाच्या २०१७ च्या चाचणीत आईबापांनी नोंदवलेला ब्रॉन्कायटिस कमी दिसला, औषधंही कमी लागली. हे आशादायक आहे, मात्र त्या चाचणीचा मूळ उद्देश बाळाचं वजन नीट वाढतं का हे बघण्याचा होता. फॉर्म्युला द्यावाच लागत असेल आणि परवडत असेल, तर एचएमओ असलेला घ्यायला माझी हरकत नाही. दीडशेपैकी एक-दोन साखरा म्हणजे आईचं दूध नव्हे, एवढं मात्र लक्षात असू द्या.

कामावर परतताना दूध काढून ठेवायचं असेल तर या साखरांची चिंता नको. त्या टणक असतात. फ्रीजमध्ये, डीप फ्रीजरमध्ये टिकतात. दूधपेढीत ६२.५ अंशाला ३० मिनिटं तापवलेल्या दुधातही त्या जवळपास तेवढ्याच राहतात. तापवण्याने कमी होतात त्या अँटिबॉडी आणि लॅक्टोफेरिन, म्हणून घरी काढलेलं स्वतःचं दूध उकळू नका. बाटली कोमट पाण्यात धरली तरी पुरतं.